उतू गेलेलं पांढरं

कॅमेऱ्यातला आयएसओ जितका कमी तितका फोटो चांगला, हे छोटूचं आयुष्यभराचं तत्त्वज्ञान होतं. छोटू म्हणजे कुणी लहान मूल नव्हे. वय बावन्न, पोट पट्ट्याबाहेर आलेलं आणि डोक्यावरचे केस काटकसरीने विंचरायची वेळ आलेली. पण घरातल्या मोठ्यांनी एकदा नाव पाडलं की ते माणसाला शेवटपर्यंत सोडत नाही. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर त्याचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे, शाळेच्या वर्गांचे आणि साखरपुड्यांचे फोटो काढण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. आणि या तत्त्वज्ञानापायी त्याच्या आत्याचं दोन वर्षांचं काम एका दुपारी कात्रीखाली जाता जाता वाचलं, ती ही गोष्ट.

आयएसओ म्हणजे कॅमेरा प्रकाशाला किती हळवा आहे त्याचा आकडा. आकडा वाढवला की कमी उजेडातही फोटो निघतो, पण तो रवाळ होतो. कमी केला की उजेड जास्त लागतो, पण फोटो नितळ येतो. इथवर छोटूचं बरोबरच होतं. पण बरोबर गोष्टीचं सोवळं केलं की घोटाळा होतो. शंभराच्या वर आकडा चढवावा लागला की छोटू असा चेहरा करायचा, जणू कुणी त्याच्या धुतलेल्या फरशीवर चपला घालून आलंय.

वर्षभरापूर्वी नवा कॅमेरा घेतला, तेव्हा चाक फिरवता फिरवता त्याला शंभराच्याही खाली एक जागा सापडली. तिथे आकडा नव्हता, नुसतं इंग्रजी एल अक्षर होतं. म्हणजे पन्नास! छोटू स्टुडिओतच ओरडला, "अगं, इकडे ये! शंभराच्या खाली जातोय हा!"

त्याची बायको आतल्या कॉम्प्युटरवर शाळेतल्या मुलांच्या फोटोंवरचे डाग पुसत बसली होती. छापणं, कापणं, रंग ठीक करणं हे सगळं तिचं खातं. ती बाहेर आली, चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, "एवढं चांगलं आहे तर त्याला आकडा का नाही दिला? बाकी सगळ्यांना आकडे आणि याला एकट्याला अक्षर?"

"तुला खुसपटच काढायचं असतं."

"खुसपट नाही हो. पुस्तिकेत असेल की लिहिलेलं."

"तीस वर्षं फोटो काढतोय मी. आता पुस्तिका वाचू?"

बायकोला वाचायचं वेड होतं. औषधाच्या डबीतला घडी घातलेला कागद, साबणाचं वेष्टन, बसच्या तिकिटामागचे नियम, सगळं वाचायची. छोटूने पुस्तिका पासपोर्टच्या पाकिटांच्या खणात टाकली आणि तिने ती काढून आपल्या टेबलावर ठेवली. छोटूने आणखी एक शहाणपण केलं. या कॅमेऱ्यात एक सोय होती: फोटोतला एखादा भाग उजेडाने पार जळून गेला असेल तर पडद्यावर तेवढा भाग काळा-पांढरा लुकलुकायचा. "सारखा डोळे मिचकावतो मेला," म्हणून त्याने ती सोयच बंद करून टाकली. सावध करणारं माणूस नको असलं की आपण त्याला कटकट्या म्हणतो. कॅमेऱ्याचंही तेच झालं.

आत्या आली ती शनिवारी सकाळी, रिक्षातून, मांडीवर मोठी पिशवी घेऊन. आत्या पंचाहत्तरची. छोटूची आई नोकरीला जायची, तेव्हा छोटू आत्याच्याच घरी वाढला. तिच्या सुयांच्या डबीत बोटं टोचून घेत, तिच्या रिळांचे मनोरे रचत. आत्याचं सगळं आयुष्य भरतकामात गेलं होतं, आणि तेही कसलं? पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याचं. रंगाची मदत न घेता नुसत्या टाक्यांच्या उठावावर पानं, फुलं, वेली उभ्या करायच्या. लोक विचारायचे, "आत्या, थोडा रंग वापरा की." ती म्हणायची, "रंग वापरून कुणीही करेल."

पिशवीत तिची दोन वर्षं होती. दोन माणसांनी हात पसरून धरावी एवढी चादर. चारी कोपऱ्यांतून चार वेली निघाल्या होत्या आणि मधोमध एकमेकींत गुंतल्या होत्या. शहरातल्या वस्त्रसंग्रहालयाला नव्या दालनात लावायला असं काम हवं होतं. पण त्यांची समिती आधी फोटो बघणार, मग ठरवणार. फोटो सोमवारपर्यंत पोचायला हवे होते.

"नीट काढ रे बाबा," आत्या म्हणाली. "विशेषतः तो चौथा कोपरा. शेवटी केला ना, तो."

"चारी नीट काढतो."

"चौथा जरा जास्त नीट काढ."

छोटूने चादर भिंतीवर ताणून लावली. दोन्ही बाजूंना एकेक मोठा दिवा ठेवला. जुनी कागदपत्रं, प्रमाणपत्रं यांचे फोटो काढताना ठेवतात तसे, सगळीकडे सारखा उजेड, कुठे सावलीचं नाव नाही. डावीकडच्या दिव्याला कॅमेऱ्याच्या तिपाईचा पाय आडवा येत होता, म्हणून तो थोडा पुढे सरकवला. चाक फिरवून एलवर आणलं. पांढरं पांढरंच दिसायला हवं, म्हणून उजेडही एक घर वाढवला. मग टिपले बारा फोटो.

कॅमेऱ्यामागच्या छोट्या पडद्यावर बघून तो खूश झाला. ना रवा, ना डाग. "बघ आत्या! कसं स्वच्छ आलंय!"

"मोठं करून दाखव. टीव्हीएवढं."

छोटूने फोटो कॉम्प्युटरवर उघडला. आत्या खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसली. तीन कोपऱ्यांत वेली पुसट का होईना, दिसत होत्या. चौथा कोपरा, डाव्या दिव्याजवळचा, मात्र विचित्र होता. पान नाही, देठ नाही. पांढऱ्या पसाऱ्यात इथे करडा ठिपका, तिथे तुटकी रेघ, कुणीतरी पेन्सिलीचं टोक आपटल्यासारखं.

"चौथा कोपरा कसा दिसतोय रे?" आत्याने विचारलं. पडदा तिच्या नाकासमोर होता, तरी तिने विचारलं. छोटूच्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. पण त्याला समोर फोटो दिसत होता, आणि मागे भिंतीवर खरी चादर टांगलेली होती, तिच्याकडे मान वळवून बघायचंही त्याला सुचलं नाही. तीस वर्षांत कॅमेऱ्यावर त्याचा माणसापेक्षा जास्त विश्वास बसला होता.

"इथलं काम जरा विस्कटलंय का गं?" तो सहज म्हणाला. "तुटक तुटक दिसतंय."

 आत्याने पदराने चष्मा पुसला, पुन्हा घातला. मग उठून चादर काढायला लागली. छोटूने घडी घालायला मदत केली. ती "चहा नको" म्हणाली, "जाते रे" म्हणाली आणि रिक्षात बसली. चहाला नाही म्हणणारी आत्या त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. पण गिऱ्हाईक आलं, आणि तो विसरला.

बायको शाळेत फोटो पोचवून तीन वाजता परतली. आल्या आल्या तिने कॉम्प्युटर चालू केला, आणि पाच मिनिटांत आतून हाक आली.

"अहो, हे काय करून ठेवलंय?"

"काय?"

"पांढरं जळालंय सगळं. हा कोपरा तर पार गेला. यात काही उरलंच नाहीये."

"तिथलं काम विस्कटलंय, म्हणून तसं दिसतंय."

"आत्यांचं काम विस्कटलंय?" बायको खुर्चीसकट वळली. "आत्यांचं? अहो, त्या चादरीची उलटी बाजूसुद्धा सुलटी वाटते. कुठल्या आयएसओवर काढलेत?"

"पन्नास. म्हणून तर नितळ आलंय!"

बायकोने पुस्तिका उघडली. तिने ती कधीच वाचून संपवली होती, कोपरे दुमडलेलेही होते. एका पानावर बोट ठेवून ती म्हणाली, "मी तुम्हाला वर्षभरापूर्वी विचारलं होतं, याला आकडा का नाही म्हणून. कारण ते खरं पन्नास नाहीच. कॅमेऱ्याची खरी पातळी शंभर. एलवर ठेवलं की तो शंभरवरच फोटो घेतो, पण दुप्पट उजेड आत घेतो, आणि मग तो आतल्या आत अर्धा करून पन्नासचं नाटक करतो."

"मग? शेवटी हिशेब तोच."

"तोच कसा? पातेलं एक लिटरचं. तुम्ही त्यात दोन लिटर दूध ओतलंत. उतू गेलं ते ओट्यावर गेलं. मग उरलेल्यातलं अर्धं काढून ठेवलंत आणि म्हणालात, बघा, बरोबर अर्धा लिटर आहे. उतू गेलेलं परत येणार का?" तिने पडद्यावरच्या कोपऱ्यावर टिचकी मारली. "पांढऱ्यातले बारीक फरक सगळ्यात वरच्या थरात असतात. तेच आधी सांडतात. तुम्ही पांढऱ्यावरचं पांढरं काढत होतात आणि नेमकं वरचंच सांडून टाकलंत. वर उजेड वाढवलात तो वेगळाच. आणि हा दिवा पुढे का?"

"तिपाई आडवी येत होती," छोटू बारीक आवाजात म्हणाला.

"मूळ कच्ची फाइल तरी ठेवलीय का? तिच्यातून थोडंफार वाचवता आलं असतं."

"फार जागा खाते ती."

बायकोने कपाळाला हात लावला. छोटूने पडद्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याला तो कोपरा दिसला तसा दिसला: विस्कटलेलं काम नव्हे, वाहून गेलेलं काम. पाठोपाठ त्याला आपलं वाक्य आठवलं. आणि मग आत्याचं चष्मा पुसणं.

"मी तिला म्हणालो, की काम विस्कटलंय," तो म्हणाला.

"काय म्हणालात?"

त्याने लगेच फोन लावला. बऱ्याच घंटा वाजल्यावर आत्याने उचलला.

"आत्या, ऐक. सोमवारच्या आत आपण पुन्हा फोटो काढू. माझीच—"

"आता काही नको काढूस," आत्या म्हणाली. तिचा आवाज शांत होता, आणि तेच वाईट होतं. "तू म्हणालास ते खरंय रे छोटू. तो कोपरा मी हातानं चाचपून भरला. मागच्या उन्हाळ्यापासून मला पांढऱ्यावरचं पांढरं दिसतच नाही. सगळं धुक्यासारखं. मला वाटायचं, बोटांना कळतंय, तेवढं बास. नाही कळलं बोटांना. घातली माती शेवटी. आता उसवायला घेतलंय. कोपरा उसवते, आणि संग्रहालयाच्या बाईंना कळवते, की म्हातारीला जमलं नाही."

"आत्या, थांब! कात्री खाली ठेव!"

"फोन कानाला धरून उसवता येत नाही, ठेवते," असं म्हणून तिने खरंच फोन ठेवला. त्यानंतर घंटा नुसत्या वाजत राहिल्या.

 बायकोने कॅमेऱ्याची पिशवी आणि लॅपटॉप उचलला, छोटूने दुकानाचं शटर ओढलं, आणि दोघं स्कूटरवर बसली. आत्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, वीस मिनिटांवर. एरवी बायको मागे बसून रस्ताभर सूचना द्यायची. आज ती गप्प होती, आणि छोटूला तिच्या सूचनांची फार आठवण आली. दोन वर्षं. आत्या रोज सकाळी नऊ ते एक आणि तीन ते पाच भरायला बसायची. त्यातले निदान सात-आठ महिने त्या कोपऱ्यात गेले होते, आणि त्याने एका वाक्यात तिच्या हातात कात्री दिली होती. आपण किती गाढव आहोत हे माणसाला बहुधा सिग्नलला थांबल्यावरच कळतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत्या पश्चिमेच्या खिडकीशी खुर्चीत बसली होती, चादरीचा कोपरा मांडीवर, चष्मा कपाळावर, हातात जुनी, चोचीसारख्या टोकाची कात्री. छोटूने आधी कात्री काढून घेतली, मग चपला काढल्या.

"किती उसवलंस?"

"कुठलं किती? एक पान," आत्या चिडून म्हणाली. "एका पानाला अर्धा तास लागला. पुढच्या पानाच्या दोऱ्याचं टोकच सापडेना. मेलीनं असं काही लपवून ठेवलंय, की नखालाही लागत नाही."

"मेली कोण?"

"मीच की. दुसरं कोण?"

छोटूचा जीव भांड्यात पडला. तो तिथेच फरशीवर बसला आणि हसायला लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. आत्याच्या कामाची सफाई त्याच्या मूर्खपणापेक्षा वरचढ ठरली होती.

"हसतोस काय?"

"आत्या, कॅमेरा चुकला."

बायकोने घसा खाकरला.

"म्हणजे, मी चुकलो," छोटू म्हणाला. "काम छान आहे तुझं. मी कॅमेऱ्यात भलतंच काहीतरी लावलं होतं, म्हणून ते फोटोत जळून गेलं."

आत्याने त्याच्या आवाजाच्या दिशेने पाहिलं. "माझी समजूत काढायला आलास होय? लहानपणी बरणीतली साखर खाल्लीस की असाच गोड बोलायचास."

"खरंच सांगतोय."

"मला दिसत नाही, ते तुला कळलं. म्हणून आता काहीही सांगशील. मला दाखव. दिसेल असं दाखव. नाहीतर दे ती कात्री इकडे."

तिचं म्हणणं रास्त होतं. आता तिच्या कामाची ग्वाही देणाऱ्या माणसानेच सकाळी तिच्या बोटांवर खोटा आळ घेतला होता. आता नुसत्या शब्दांनी भागणार नव्हतं.

चार वाजून गेले होते. पश्चिमेचं ऊन खिडकीतून तिरपं आत येत होतं. छोटूने ते पाहिलं आणि त्याला एकदम जाग आली. तीस वर्षं काही वाया गेली नव्हती. फिल्मच्या जमान्यात तो हे जाणून होता: पांढऱ्याला पांढऱ्यापासून वेगळं करते ती सावली, आणि सावली हवी असेल तर उजेड समोरून नव्हे, कडेने यायला हवा. स्टुडिओत दोन दोन दिवे आल्यापासून तो ते विसरला होता. त्याने खिडकीशेजारच्या कपाटाच्या दारांवर चिमट्यांनी चादर ताणली, समोरच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला, आणि खोलीत एकाच बाजूचा उजेड उरला. चादरीवरून तो कडेकडेने सरपटत गेला, आणि एकेक टाका आपली बारीकशी सावली टाकून उभा राहिला.

"अगं बाई," बायको म्हणाली. तिने पुस्तिका सोबत आणलीच होती. "आता द्या तो कॅमेरा. यात एक दुसरी सोय आहे. उजळ भागाला प्राधान्य देणारी. ती चालू करते. आणि ते डोळे मिचकावणंही."

"कर काय करायचं ते."

तिने बटणं दाबून कॅमेरा परत दिला. छोटूने सवयीने चाक खाली फिरवलं. दोनशे. आणखी फिरवलं. दोनशेच. शंभर येईना. एलचा तर पत्ताच नव्हता.

"बिघडला!" छोटू ओरडला. "शंभर गेलं कुठं? काय दाबलंस तू?"

"काही बिघडलं नाही," बायको म्हणाली. "पातेलं गळ्यापर्यंत भरायचं नाही, वर जागा ठेवायची. म्हणून तो आता उजेड अर्धाच घेतो, आणि गडद भाग नंतर उचलून धरतो. ती जागा ठेवायची, म्हणून दोनशेच्या खाली जातच नाही. अंधाऱ्या भागात थोडा रवा दिसेल, पण इथं अंधार आहेच कुठं?"

"दोनशे," छोटू कसनुसं तोंड करून म्हणाला.

"दोनशे. घ्या गिळून."

छोटूने आवंढा गिळला आणि बटण दाबलं. पडद्यावर फोटो आला. लुकलुकत होती ती फक्त खिडकीच्या चौकटीची कड. चादर कुठेही मिचकावत नव्हती. त्याने आणखी पाच-सहा फोटो काढले, चौथ्या कोपऱ्याचे जवळून. मग बायकोने ते लॅपटॉपवर घेतले आणि आत्याच्या पुढ्यात ठेवले.

आत्या पडद्यावर वाकली.  मग म्हणाली, "पांढरंच आहे रे."

"थांबा आत्या, एक मिनिट," बायको म्हणाली. "तुमच्या डोळ्यांना फरक कमी पडतोय. आपण फरक वाढवू. उजळ आहे ते तिथेच ठेवते, आणि सावल्या तेवढ्या गडद करते." तिने पडद्यावरची खूण हळूहळू सरकवली. चादरीचा पांढरा तसाच राहिला, पण टाक्यांच्या पोटातल्या सावल्या करड्या झाल्या, मग राखाडी, मग शिशाच्या रंगाच्या. "आता?"

"नाही."

"आता?"

 आत्याने बोट पुढे केलं आणि पडद्यावर टेकवलं. बोट देठावरून वर गेलं, पहिल्या पानाशी डावीकडे वळलं, दुसऱ्याशी उजवीकडे. दुसरा हात तिने कपाटावरच्या चादरीकडे नेला. छोटूने तो धरून चौथ्या कोपऱ्यावर ठेवला. दोन्ही हात एकाच वेलीवरून सोबत चालायला लागले, एक काचेवरून, एक कापडावरून. कुठेही एक पुढे गेला नाही की एक मागे राहिला नाही. फक्त एका जागी दोन्ही बोटं थांबली.

"हे ते उसवलेलं पान."

"हो."

"बाकी सगळी आहेत."

"सगळी आहेत, आत्या. एक न् एक."

"म्हणजे बोटांना दिसत होतं," आत्या म्हणाली, आणि मांडीवर हात ठेवून लहान मुलीसारखी रडायला लागली. छोटूने तिला रडू दिलं. सुटकेचं रडणं मध्येच थांबवू नये, एवढी अक्कल त्याला त्या दिवशी आली होती.

मग मात्र बायकोने चौकशी सुरू केली. "दिसत नव्हतं तर सुया कशा ओवत होतात?"

"पोस्टमनकडून. दहा-दहा ओवून देतो. भला माणूस आहे."

"आणि आम्हाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर सुई काढून घेतली असतीत. माझ्या आईचे डोळे असेच गेले. आधी धुकं, मग काहीच नाही. म्हटलं, जाण्याआधी एक चादर तरी पुरी करू."

"अहो आत्या, तेव्हाची गोष्ट वेगळी," बायको म्हणाली. "सोमवारी डॉक्टरकडे जायचं. ना नाही की हो नाही. मी येते सोबत."

"बरं," आत्या म्हणाली. "पण आधी सुई ओवून दे. पोस्टमन उद्या यायचा नाही."

ऊन अजून तासभर तरी टिकणार होतं. आत्याने कापड ताणून धरणारी भरतकामाची रिंग लावली, उसवलेल्या जागेवर अंगठा फिरवून पानाची कड शोधली, आणि खिडकीकडे तोंड करून, चादरीकडे न बघताच, टाके घालायला लागली. छोटू बघत राहिला. सुई खाली जायची, वर यायची, अंगठा जागा दाखवायचा आणि सुई तिथेच यायची. लहानपणी त्याने हे हजारदा पाहिलं होतं, पण तेव्हा त्याला वाटायचं की आत्या डोळ्यांनी भरते. पान पुरं झाल्यावर त्याने पुन्हा सगळे फोटो काढले, दोनशेवर, कुरकूर न करता.

रविवारी दुकानात बसून त्याने तो फोटो पडदाभर मोठा केला आणि नवं पान कोणतं ते शोधायला लागला. सापडेना. चारही कोपरे पान पान करून तपासले, तरी सापडेना. शोधता शोधता पहिल्या कोपऱ्यात, दोन वर्षांपूर्वी धडधाकट डोळ्यांनी केलेल्या कोपऱ्यात, त्याला दुसरंच काहीतरी सापडलं. त्याने बायकोला हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. फोटो संग्रहालयाला पाठवून दिले.

डॉक्टरने आत्याला मोतीबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांत, पिकलेला, पण काढता येण्याजोगा. मोतीबिंदूमागचा डोळा ठणठणीत होता. तिच्या आईच्या वेळी तो काढायला कुणी नेलंच नव्हतं, एवढंच. आत्याने डॉक्टरला तीनदा विचारून घेतलं, आणि घरी येताना रिक्षात पहिल्यांदा भूक लागली म्हणाली. संग्रहालयाचं होकाराचं पत्र आलं, ते तिला बायकोने वाचून दाखवलं. चादर पोचती करायच्या आठवडाभर आधी दुसऱ्याही डोळ्याची पट्टी निघाली.

त्याच दुपारी छोटूला फोन आला. "आत्ताच्या आत्ता ये."

तो धावत गेला. आत्या खिडकीशी बसली होती, चादर मांडीवर, नवा चष्मा नाकावर, आणि चेहऱ्यावर असा राग की छोटू दारातच थांबला.

"हे बघ," ती म्हणाली. "पहिल्या कोपऱ्यातलं फूल. मोज पाकळ्या."

छोटूने मोजायचं नाटक केलं. "पाच."

"सहा हव्यात! सगळ्या चादरीत सहा आहेत, आणि इथं पाच! तेव्हा मला मुंगीचा पाय दिसायचा, आणि तेव्हाच चुकले! चाचपून भरलेल्या कोपऱ्यात मात्र एक टाका चुकला नाही." तिने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. आता तिला त्याचा चेहरा स्पष्ट दिसत होता, लपायला जागा नव्हती. "तू एवढे मोठमोठे फोटो काढलेस. तुला दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"एकदा बोलून पाहिलं होतं की," छोटू म्हणाला.

आत्या चादरीत तोंड लपवून अशी हसली की तिचा नवा चष्मा घसरून खाली आला. कात्री टेबलावरच होती. छोटूने ती हळूच उचलून खणात ठेवली, तरी ती काही म्हणाली नाही. तिने चष्मा नीट केला, पाच पाकळ्यांचं फूल वर धरून उजेडाकडे तिरपं केलं आणि म्हणाली, "राहू दे. डोळ्यांनाही एखादी चूक माफ." मग तिने त्याला चहा टाकायला सांगितलं, तोही साखर जास्त घालून.